पस्तीस बाय पंचेचाळीस

व्हिसासाठी काढलेला माझाच फोटो दोनदा परत आला.
उजव्या कानामागं सावली आहे, म्हणाले.
तेवीस वर्षं मंगळवार पेठेत
लोकांचे कान दिसतील असे फोटो काढले मी,
हज, दुबई, मस्कत, मुलाकडं टेक्सासला,
आणि शेवटी माझ्याच कानानं
मला मान खाली घालायला लावली.
तिसऱ्यांदा हाताखालच्या अभिनंदननं काढला.
म्हणाला, मालक, हसू नका, नियम आहे.

नॉर्वेत एका खडकावर चार तास बसलो
एका उजेडासाठी.
बोटांची लाकडं झाली. थर्मासात चहाचं नुसतं पाणी उरलं.
मग तो आला,
पिकत आलेल्या आंब्याला देठापाशी असतो तसा,
पावणेदोन मिनिटं.
पावणेदोन मिनिटांत एकशे बारा फोटो.
तेवढ्यात एका समुद्रपाखरानं
मांडीवरची भडंगाची पुडी उचलली
आणि शेंगदाणे सांडत सांडत गेलं खाडीवरून.
त्याचा एकही निघाला नाही.

लिस्बनच्या चढणीला कॅमेऱ्याचा पट्टा तुटला.
कोपऱ्यावर एक चांभार.
त्याला माझी भाषा नाही, मला त्याची नाही,
पण त्यानं आधी पट्टा नव्हे, पायातली चप्पल बघितली.
वाकून वेणी चाचपली, तळ वाकवला,
कर्रर्र वाजला तेव्हा मान हलवली,
पापाच्या तिकटीला हलवतात तशीच.
मग पट्ट्याला सात टाके घातले, पैसे मोजून घेतले.
मी कॅमेरा डोळ्याला लावला
आणि त्यानं पंजा आडवा धरला.
नको.
बोट तोवर दाबलं गेलं होतं.

परत आल्यावर तीन हजार फोटो
दस्तगीर चाचांपुढं ठेवले.
निगेटिव्हवर पेन्सिल चालवून
ह्या माणसानं लग्नाच्या पोरींच्या गालांवरचे
देवीचे व्रण बुजवले,
एकेका व्रणाला अर्धा तास.
आता एका डोळ्यात मोतीबिंदू. दुसऱ्यानं बघत राहिले,
तीन संध्याकाळी, सहा कप चहा.
रंग झ्याक हाईत, म्हणाले.
डोंगर म्हणजे डोंगरच.
खरं ह्यात तुला कोण बघतंय सांग बघू?

मी गप्प.
त्यांनीच मागं मागं जात तो पंजा काढला.
हललेला, फोकस चुकलेला,
अंगठ्याच्या पेरात पॉलिशची काळी रेघ,
तर्जनीवर दोऱ्यानं कापलेल्या जुन्या खुणा.
ह्यो, म्हणाले. ह्यो एकटाच.
आणि ह्यो नको म्हणतोय.

पुसून टाकू का, विचारलं.
ते चष्मा पुसत होते, उत्तर दिलंच नाही.
तो अजून आहे. भिंतीवर लावलेला नाही,
पुसलेलाही नाही.

फेब्रुवारीत जॉर्जियाला चाललोय.
बर्फातला एक मठ आहे, पहाटे दिसतो म्हणे.
माणूस सुधारतो थोडाच.

काल बापट कॅम्पातनं पूर्वा कुंभार आली,
जर्मनीत नर्स म्हणून निघालेली.
स्टुलावर बसली, केस कानामागं घेतले,
हात मांडीवर ठेवले.
नखांत शाडूची माती,
भावाला गणपतीचं हातकाम करू लागली असणार सकाळी.
हात ह्या मापात येत नाहीत.
पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटर,
हनुवटीपासून डोक्यापर्यंत, पांढरा पडदा, तोंड मिटलेलं.
हसू नका, म्हणालो.
ती सरळ माझ्याकडं बघू लागली.
मी दिवा वीतभर सरकवला. कानामागची सावली गेली.
पुन्हा सरकवला, पुन्हा आली.
गळ्यात सात टाक्यांचा पट्टा
घामानं मऊ झालेला.

काढला का काका?

नाही अजून.